पत्र्याखालचा उन्हाळा

(जळकोट येथे शिक्षक, विद्यार्थी व नागरिक यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उपग्रह आणि नगररचना हे विषय मुंबई-पुण्यात बोलावयाचे, जळकोटात त्यांचे काय काम, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. मुंबईत जे व्हावयाचे ते होऊन गेले आहे. तेथे एक झाड लावावयाचे तर आधी फरशी उखडावी लागते. जळकोट तालुक्याचे ठिकाण झाले, येथे नगरपंचायत आली, म्हणजे गावाचे शहर होण्यास आता कोठे आरंभ झाला आहे. शहर तापते कसे, हे अशा वेळी समजून घेतले तरच त्या ज्ञानाचा उपयोग.

शहर भोवतालच्या प्रदेशापेक्षा उष्ण असते, ही गोष्ट लंडनच्या ल्यूक हॉवर्डने १८१८ साली साध्या तापमापकाच्या नोंदींवरून जगापुढे मांडली. दगड, विटा, काँक्रीट, डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत करतात. पाण्याची वाफ करून उष्णता घालवणारी झाडे व ओली माती मात्र शहरात नाहीशी झालेली असते. आज हेच निरीक्षण उपग्रह करतात. २०१३ साली सोडलेला लँडसॅट-८ व २०२१ सालचा लँडसॅट-९ हे दोघे मिळून दर आठ दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि भूपृष्ठातून निघणारे औष्णिक प्रारण टिपतात. लँडसॅटची चित्रे २००८ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. ज्या ज्ञानासाठी पूर्वी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले असते, ते आज महाविद्यालयातील विद्यार्थी संगणकावर पाहू शकतो. याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु कोणतेही साधन हाती घेताना ते काय दाखवते याबरोबर ते काय दाखवत नाही, हेही विचारावे लागते.

पहिली गोष्ट अशी की, उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचे तापमान, आपण श्वास घेतो त्या हवेचे नव्हे. लँडसॅट येतो तो सकाळी साडेदहाच्या सुमारास. दुपारचा कहर आणि रात्रीची तगमग त्याला दिसत नाही. मे महिन्यात नांगरून पडलेली काळी रानेच त्या वेळी गावापेक्षा अधिक तापलेली असतात. २०१७ साली गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी दाखवून दिले की, भारतातील बहुसंख्य शहरे पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत दुपारी भोवतालच्या शेतांपेक्षा थंड दिसतात. रात्री मात्र तीच शहरे अधिक उष्ण असतात. एखाद्या अधिकाऱ्याने केवळ दिवसाचे चित्र पाहिले, तर जळकोटला उष्णतेचा प्रश्नच नाही, असा शेरा तो निश्चिंत मनाने मारील.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घासून लखलखीत केलेले पितळेचे पातेले आणि काजळी धरलेला तवा सारखेच तापवून जवळ हात न्या. तव्याची धग लांबूनच लागते. पातेल्याची धग कळत नाही, पण त्याला हात लावला तर पोळतो. चकचकीत धातू आपली उष्णता प्रारणरूपाने सहज सोडत नाही. नवा जस्ताचा पत्राही असाच आहे. त्यामुळे औष्णिक चित्रात तो आहे त्याहून थंड भासतो. पुन्हा, लँडसॅटच्या औष्णिक मापनाचा एक चौकोन शंभर मीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच एकरांचा. त्यात वाडा, रस्ता, कडुनिंब आणि पत्र्याच्या पन्नास खोल्या यांची एकच सरासरी होते. ज्या घरात माणूस सर्वांत अधिक होरपळतो, तेच घर आकाशातून दिसेनासे होते!

आपल्या भागात हा पत्रा आला कोठून? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. माळवदाचे घर उन्हाळ्यात थंड असते खरे, पण ज्याने आपली माणसे त्याखालून उकरून काढली, त्याला जुन्या घरांचे गोडवे कोणत्या तोंडाने ऐकवावयाचे? डोक्यावर हलके छप्पर असावे, ही इच्छा शहाणपणाचीच होती. मात्र भूकंपापासून वाचवणाऱ्या छपराने उन्हापासूनही वाचवले पाहिजे, ही जबाबदारी कोणी घेतली नाही. ज्याची ऐपत होती त्याने स्लॅब टाकला, पंखा लावला, कूलर आणला. शेतमजुराच्या वाट्याला भट्टीसारखी खोली आली. दिवसभर रानात राबलेल्या देहाला रात्रीही गारवा मिळाला नाही, तर उष्माघाताचे भय वाढते.

मग उपग्रहाचे चित्र टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. दहा वर्षांपूर्वीचे व आजचे चित्र शेजारी ठेवले, तर कोठली हिरवळ गेली, कोठला ओढा बुजवला गेला, कोणती वस्ती उघडी पडली, हे नि:संदिग्ध दिसते. परंतु चित्राला पायपिटीची जोड हवी. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडेस आधी गल्ल्यांतून हिंडत, मगच आराखड्याला हात घालत. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही शहरभर वाहन फिरवून हवेचे तापमान मोजले. जळकोटला तर एवढाही खटाटोप नको. शाळेतल्या मुलांनी साधे तापमापक घेऊन पत्र्याच्या खोलीत, स्लॅबखाली, झाडाखाली आणि बाजारात दुपारी व रात्री नोंदी ठेवाव्यात. त्या नोंदी आणि ते चित्र एकत्र ठेवले की गावाचा खरा नकाशा तयार होईल.

हा नकाशा भिंतीवर टांगण्यासाठी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. बहुतेक गावांत या हरकती घेतात ते जमिनीचे मालक. पत्र्याखाली राहणाऱ्याला मसुदा निघाल्याचा पत्ताही नसतो. बागेसाठी राखलेली जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण मोडीत काढण्याच्या मार्गाला लागू शकतो. म्हणून आपल्या सूचना आधीच तयार हव्यात: ओढ्याकाठ मोकळे राहोत, आठवडी बाजारात व मजूर उभे राहतात त्या नाक्यावर सावली असो, घरकुलाच्या हिशेबात पत्र्याखालच्या आच्छादनाचा व वरच्या पांढऱ्या रंगाचा खर्च धरला जावो, पहिली झाडे नव्या कॉलनीच्या प्रवेशद्वाराशी न लागता सर्वांत तापलेल्या वस्तीत लागोत.

अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेने हाहाकार केला. त्यानंतर २०१३ साली तेथे उष्णतेशी सामना करण्याची योजना झाली. मृत्यूंची गणती झाल्यावर शहाणपण आले. आपल्याला तेवढी किंमत मोजावयाची नसेल, तर येत्या उन्हाळ्यात आकाशातल्या डोळ्याला जे दिसत नाही ते आपण खाली वाकून, घरात शिरून पाहिले पाहिजे. ते काम उद्याच्या मुलांनी नव्हे, येथे बसलेल्या आपण सर्वांनी त्यांना बरोबर घेऊन करावयाचे आहे.