गटाची सहल अंदमानला

आपली सहल म्हटलं की पंढरपूर, तुळजापूर, फार तर तिरुपती. आता काही गटांतल्या बाया विचारतात, "ताई, अंदमानला जाता येईल का?" येईल. पण तयारी वर्षभर आधीपासून हवी.

पहिली गोष्ट पैशाची. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. त्या पैशावर कुणाचं बियाणं, कुणाचं दवाखान्याचं बिल अवलंबून असतं. सहलीसाठी फायनान्सचं कर्जही काढायचं नाही. ज्यांना जायचं त्यांनीच वेगळी पेटी करावी. महिना पाचशे टाकले तर दोन वर्षांत बारा हजार होतात. महिना हजार टाकले तर चोवीस हजार. कुणाला ऐनवेळी जमलं नाही, तर तिकीट काढण्याआधी तिचे पैसे पूर्ण परत, असा ठराव वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. म्हणजे मागाहून भांडण नको.

दुसरी गोष्ट वेळेची. पावसाळ्यात तिकडे समुद्र खवळतो. सोयाबीन विकून, हरभरा पेरून झाला की जानेवारीत निघावं. चेन्नईहून विमान अडीच तासांच्या आत पोचतं, जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात. टूरवाल्याला सरळ विचारा: जेवण, बोट, प्रवेश फी धरून एकूण किती? पावती घ्या. तिकिटावरचं नाव आधार कार्डाप्रमाणेच हवं. गुडघे दुखतात, बीपी आहे, तर डॉक्टरला विचारून गोळ्या सोबत ठेवा. अंदमानच्या नेहमीच्या ठिकाणी आपल्याला वेगळा परवाना लागत नाही, लक्षद्वीपला मात्र लागतो.

तिकडे काय बघायचं? पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम आहे. तिथलं सेल्युलर जेल १९०६ साली बांधून पूर्ण झालं. सात भुजांपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ तिथं कोठडीत होते. त्या जागेला आपली जुनी माणसं 'काळं पाणी' म्हणायची. पुढं हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, तिथला समुद्रकिनारा. किनाऱ्यावरचे शिंपले, पोवळी उचलून आणू नका, त्यावर बंदी आहे. जारवा आदिवासींच्या भागात फोटो काढणंही गुन्हा आहे. ती माणसं तमाशा नव्हेत.

आता घरचा प्रश्न. "आठ दिवस घर कोण बघणार?" हे ऐकावंच लागतं. म्हणून आदल्या रात्री परवानगी मागायला बसू नका. वर्षभर आधी सांगा, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. जनावरांचं, लेकरांच्या डब्याचं कोण बघणार ते ठरवा. आपण बाळंतपणाला, लग्नाला, दुखण्याला गेलो तेव्हा घर चाललंच ना? मग आपल्या आनंदासाठी गेलो तरी चालेल.

पुढच्या बैठकीत एवढं करा: कोण येणार, त्यांची नावं लिहा आणि पहिला हप्ता जमा करा.