पट्टी बाजाराची, पट्टी कार्डाची

(थेट विक्री करणारे शेतकरी गट व महिला बचत गट यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत अंतर किती ठेवावे असे कुणी विचारले, तर मी झोपेतूनही ४५ सेंटिमीटर असे सांगेन. कार्ड मशीन हा काही माझा विषय नव्हे. तरी आज त्यावर बोलायला उभा आहे, याला कारण एक हिशेब. तो आधी सांगतो.

आमच्या ज्वारीच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर काम करणारा महिलांचा एक गट आहे. हा गट मालदांडी ज्वारी आणि तूरडाळ घेऊन शहरातल्या धान्य महोत्सवात चार दिवस बसला. गिऱ्हाईक शहरी, रोकड कमी बाळगणारे, म्हणून एका बँकेचे कार्ड मशीन आधीच घेतले होते. रोख आणि मोबाईलवरून आलेले पैसे बाजूला ठेवू. वहीप्रमाणे कार्डावरची विक्री झाली ८६,४०० रुपये. गटाच्या अध्यक्षा पासबुक भरून घेऊन आल्या, तर जमा होते निव्वळ ६३,५२९ रुपये २० पैसे!

चारही दिवस काउंटरवर एकच ताई बसली होती. तिला तोंडावर कुणी काही बोलले नाही, पण पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्यानंतर दोन दिवसांनी ती प्लॉटवर माझ्याकडे आली ती मशीनच्या सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. म्हणाली, "सर, तुम्ही शिकलेले आहात, एवढं बघा." मी बघायला बसलो, आणि खरे सांगायचे तर पहिल्या अर्ध्या तासात मलाही काही उमगले नाही. बँकेच्या विवरणात जे शब्द होते ते मला ठाऊकच नव्हते. ते शब्द एकेक करून समजत गेले, तसतसा पैसाही सापडत गेला. आजही त्याच क्रमाने जाऊ.

मंजुरी म्हणजे जमा नव्हे

बाजार समितीत आपला माल गेला की आधी सौदा होतो, मग काटा होतो, मग हिशेबपट्टी निघते आणि शेवटी पैसे येतात. सौदा झाला म्हणून पैसे खिशात आले, असे आपण कधी धरत नाही. कार्डाचेही अगदी तसेच आहे.

गिऱ्हाईक कार्ड लावते, पिन टाकते. मशीन तो निरोप तुमच्या बँकेकडे पाठवते. ज्या बँकेने तुम्हाला मशीन दिले ती 'अक्वायरर'. तिथून निरोप रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड या जाळ्यातून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जातो. ज्या बँकेने कार्ड दिले ती 'इश्युअर'. ती खात्यात पैसे आहेत का, कार्ड चोरीचे तर नाही ना, एवढे पाहून होकार कळवते. या होकाराला 'ऑथोरायझेशन' म्हणतात. त्याचा क्रमांक पावतीवर छापून येतो. हे सारे काही सेकंदांत होते. पण हा झाला नुसता सौदा. तुमच्या खात्यात अजून एक पैसाही आलेला नसतो.

दिवसभराचे मंजूर व्यवहार मशीनमध्ये एका गठ्ठ्यात राहतात. या गठ्ठ्याचे नाव 'बॅच'. बॅच बंद केली की बँका आपसात देणे-घेणे करतात आणि रक्कम तुमच्या खात्यात पडते. याला 'सेटलमेंट' म्हणतात. साधारणपणे दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे येतात. काही मशीनची बॅच रात्री आपोआप बंद होते, काहींची हाताने बटण दाबून करावी लागते. मशीन घेताना हा प्रश्न अवश्य विचारा.

आमच्या गटाने तो विचारला नव्हता. पहिले तीन दिवस बँकेच्या माणसाने संध्याकाळी येऊन बटण दाबले. चौथ्या दिवशी सगळे सामान टेम्पोत भरण्याच्या घाईत मशीन बंद करून पिशवीत गेले. त्या दिवसाचे १९,००० रुपये त्या पिशवीतच होते म्हणा ना! प्लॉटवर बसूनच मशीन सुरू केले, बॅच बंद केली आणि दोन दिवसांनी ते पैसे जमा झाले. ताईच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. तरी ३,८७० रुपये ८० पैसे अजून बाकी होते.

कार्डाची आडत

आता पट्टीतल्या कपाती पाहू. आडत, हमाली, तोलाई हे शब्द आपल्याला पाठ असतात, कारण ते आपल्या खिशातून गेलेले असतात. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय आपल्या राज्यात २०१६ साली झाला. कार्डाची आडत मात्र विकणाऱ्याच्याच पट्टीतून कापली जाते. तिचे नाव 'मर्चंट डिस्काउंट रेट', लघुरूप एमडीआर. यातल्या 'डिस्काउंट' या शब्दावरून पुष्कळांना वाटते की आपल्यालाच काही सवलत मिळणार. तसे अजिबात नाही. शंभराचा माल विकला की बँक तुम्हाला शंभराहून थोडे कमी देते, एवढाच त्याचा अर्थ. या कपातीतला बराचसा वाटा गिऱ्हाइकाच्या बँकेला जातो, त्याला 'इंटरचेंज' म्हणतात. थोडा जाळ्याला आणि उरलेला तुमच्या बँकेला.

दर मात्र सगळ्या कार्डांना एक नाही, आणि गोंधळ इथेच होतो. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. मागील वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या छोट्या विक्रेत्यास मशीनवर ०.४० टक्के आणि एका व्यवहारास फार तर २०० रुपये. उलाढाल त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के आणि फार तर १,००० रुपये. येथे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक बसले आहेत, त्यांनी आपण कोणत्या गटात मोडतो ते पाहावे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथे करारात जो दर लिहिला तो खरा. म्हणून करारावर सही करताना बोट ठेवायचे ते क्रेडिट कार्डाच्या ओळीवर.

आमच्या गटाच्या पावत्या मी कार्डाप्रमाणे वेगळ्या केल्या. रुपे डेबिट २०,००० रुपये, कपात काही नाही. इतर डेबिट २४,००० रुपये, ०.४० टक्क्याने ९६ रुपये. क्रेडिट ४०,००० रुपये, करारातल्या १.८ टक्क्याने ७२० रुपये. या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, पण २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावरील शुल्काला तो माफ आहे. डेबिटच्या सगळ्या पावत्या दोन हजारांच्या आतल्या निघाल्या. क्रेडिटपैकी २०,००० रुपयांच्या पावत्या दोन हजारांवरच्या होत्या, त्यांच्या ३६० रुपये शुल्कावर कर ६४ रुपये ८० पैसे. सर्व मिळून ८८० रुपये ८० पैसे. शिवाय मशीनचे महिन्याचे भाडे ५०० आणि त्यावरचा कर ९० रुपये, म्हणजे ५९०. हे भाडे विक्री झाली नाही तरी चालूच राहते. वर्षात चार दिवस महोत्सवाला बसणाऱ्या गटाने बारा महिन्यांचे भाडे का भरावे, हे मला आजही कळलेले नाही. त्यापेक्षा भाडे नसलेले किंवा थोड्या दिवसांसाठी मिळणारे मशीन मागून पाहावे.

एक सूचना इथेच करून ठेवतो. डेबिट कार्डवाल्या गिऱ्हाइकाकडून "दोन टक्के वरचे द्या" म्हणून हे शुल्क वसूल करायला मनाई आहे. तेव्हा भाव ठरवतानाच ते धरा.

मोबाईलवरचा निरोप

वहीत ८६,४०० आणि पावत्या मात्र ८४,००० च्याच. २,४०० रुपयांचा फरक राहिला. ताईला ते गिऱ्हाईक नीट आठवत होते. ऐन गर्दीत मशीनची रेंज गेली, पावती आली नाही. त्या बाईंच्या मोबाईलवर मात्र पैसे वजा झाल्याचा निरोप आला, तो त्यांनी दाखवला, म्हणून ताईने माल दिला आणि वहीत लिहिले. दोघींपैकी कुणीही लबाडी केली नव्हती. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघाले होते, पण होकार आपल्या मशीनपर्यंत पोहोचला नव्हता. अशा अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत गिऱ्हाइकाला आपोआप परत गेले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. त्याहून उशीर झाल्यास बँकेने त्याला दररोज १०० रुपये द्यायचे. बहुधा त्या बाईंचे पैसे परत गेले असतील आणि ज्वारी फुकट गेली.

तेव्हा गिऱ्हाइकाच्या मोबाईलकडे पाहू नका, आपल्या मशीनकडे पाहा. पावती आली नाही तर मशीनमधला शेवटचा व्यवहार काढून तपासा. तिथे मंजुरी नसेल तर दुसऱ्या मार्गाने पैसे घ्या आणि गिऱ्हाइकाला पाच दिवसांचा हा नियम समजावून सांगा. यूपीआयवरही हेच. स्क्रीनवरचे चित्र कुणीही दाखवू शकतो. आपल्या खात्यात आले, तेच आले.

२,४००, ८८०.८० आणि ५९० यांची बेरीज करा. बरोबर ३,८७० रुपये ८० पैसे. हा कागद घेऊन मी स्वतः गटाच्या बैठकीला गेलो. अध्यक्षा जागेवरून उठून ताईच्या शेजारी जाऊन बसल्या. कुणी माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडे ती अशीच मागतात.

व्हॉइड, रिफंड आणि चार्जबॅक

पैसे परत करण्याचे दोन प्रकार आहेत. बॅच बंद होण्यापूर्वी व्यवहार रद्द केला तर तो 'व्हॉइड'. सौदाच मोडला, पट्टी निघालीच नाही. बॅच बंद झाल्यावर परत करायचे तर 'रिफंड'. त्यात मूळ विक्रीवरचे शुल्क परत मिळेलच असे नाही, ते करारावर अवलंबून. म्हणून चुकून २५० चे २,५०० दाबले गेले तर तिथल्या तिथे व्हॉइड करा. रोखीने परत देऊ नका, त्याचा मागमूस कुठेच राहत नाही.

तिसरा प्रकार आपल्या हातात नसतो. तो 'चार्जबॅक'. गिऱ्हाईक स्वतःच्या बँकेकडे तक्रार करते की माल मिळालाच नाही, किंवा हा व्यवहार मी केलाच नाही. बँक रक्कम तुमच्या खात्यातून उचलते आणि मग पुरावा मागते. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारणपणे १२० दिवसांपर्यंत मुभा असते. म्हणजे तुरी विकून, पैसे वाटून, पुढची पेरणी झाल्यावरही चार्जबॅक येऊ शकतो.

आमच्या गटाला तोही आला. महोत्सवानंतर एका गिऱ्हाइकाने फोनवर ३,६०० रुपयांचा माल मागवला आणि मोबाईलवर पाठवलेल्या दुव्यावरून कार्डाने पैसे भरले. गटाने एसटीच्या पार्सलने माल पाठवला. दोन महिन्यांनी तक्रार आली की माल मिळाला नाही. बँकेने ई-मेल करून ठरावीक तारखेच्या आत पार्सलची पावती मागितली होती. पण अर्जावर पत्ता होता तो अर्ज भरून देणाऱ्या मुलाचा, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेलेला. ई-मेल कुणी उघडलाच नाही. पार्सलची पावतीही सापडली नाही. ३,६०० रुपये गेले ते गेलेच.

कार्ड समोर नसताना झालेल्या विक्रीत पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा कागद, दोन्ही जपावे लागतात. मशीनची पावती उष्णतेवर छापली जाते, उन्हात टपरीवर टांगली तर महिन्याभरात कोरी होते. रोज संध्याकाळी पावत्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अर्जावर गटाच्या दोन सदस्यांचे संपर्क द्या. बँकेने कपातीचा खुलासा केला नाही तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क नाही.

मघाशी एका काकांनी विचारले की कृषी सेवा केंद्रात अंगठा लावतो ते मशीन हेच का. नाही. ते खताचे मशीन. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री आधार पडताळणी करून त्यावर नोंदवतात आणि त्या नोंदीवरून कंपनीला अनुदान मिळते. त्याने तुमच्या खात्यातून पैसे जात नाहीत. पैशाचे मशीन वेगळे असते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात, म्हणून कशावर काय करतो आहोत ते पाहून घ्यावे.

जेवणानंतर हे मशीन मी टेबलावर ठेवतो आहे. प्रत्येक गटातून एकाने यावे, दहा रुपयांचा व्यवहार करावा, पावतीवरचा मंजुरी क्रमांक शोधावा आणि लगेच व्हॉइड करावा. शेवटी बॅच बंद करायला ती ताईच येणार आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे.