बीज पिकते कसे?

"गाय तीनदा भरवली, तीनदा उलटली. वांझच दिसते, बाजार दाखवावा," असा निकाल आपल्याकडे गोठ्यात उभ्या उभ्या दिला जातो. तो देण्याआधी जनावराच्या पोटात काय घडते हे समजून घेतले, तर पुष्कळ गाईंचा बाजार टळेल. म्हणून आज आपण बीज कसे पिकते ते पाहू.

कालवड आईच्या गर्भात असते, तेव्हाच तिच्या दोन्ही बीजांडकोशांत बीजांचा साठा तयार होतो. प्रत्येक बीजाभोवती पेशींचे एक पातळ वेष्टन असते. या बीजासकट वेष्टनाला पुटक म्हणतात. बहुतेक पुटके वर्षानुवर्षे निजलेली असतात. त्यांतली थोडी थोडी रोज जागी होतात आणि वाढू लागतात.

पुटक वाढते म्हणजे काय होते? वेष्टनाच्या पेशी एकाच्या अनेक होतात, थरावर थर चढतात आणि पुढे आत पाणी साचून फुगा तयार होतो. बीजही मोठे होते, तरी शेवटी ते मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढेच भरते. एवढ्याशा जागेत ते पहिल्या काही दिवसांच्या गर्भाची शिदोरी बांधून ठेवते. भोवतालच्या पेशी सूक्ष्म तंतूंनी त्याला अन्नरस पुरवतात, आणि वेळ येईपर्यंत त्याला शेवटचे पाऊल टाकू देत नाहीत. दाई त्याच, पहारेकरीही त्याच!

ही वाढ एका दिवसाची नव्हे. तिला कित्येक आठवडे, महिने लागतात. त्यामुळे आज माजावर आलेल्या गाईचे बीज मागच्या काही महिन्यांच्या चाऱ्यावर पोसलेले असते. व्याल्यावर गाय फार खंगली, तर त्याचा परिणाम पुढच्या माजावर दिसतो. भरवण्याच्या दिवशी पेंड जास्त टाकून ती उणीव भरून निघत नाही.

गाईचे ऋतुचक्र साधारण 21 दिवसांचे. त्यात पुटकांच्या दोन किंवा तीन तुकड्या वाढीला लागतात. प्रत्येक तुकडीत बहुधा एकच पुटक पुढे सरसावते आणि बाकीची सुकून जातात. शेवटच्या तुकडीतले विजयी पुटक दीड सेंटिमीटरच्या आसपास वाढते आणि रक्तात एक रस सोडते. त्या रसाने गाय हंबरते, दुसऱ्या गाईला अंगावर चढू देते, काचेच्या तारेसारखा बळस टाकते. यालाच आपण माज म्हणतो. म्हणजे माज हा आतल्या पुटकाने बाहेर धाडलेला निरोप आहे.

त्याच रसामुळे मेंदूखालची ग्रंथी दुसरा हुकूम सोडते. पहारा उठतो. बीज आपली गुणसूत्रे निम्मी करते, 60 ची 30 होतात. उरलेली निम्मी वळूकडून यायची असतात. माज सुरू झाल्यापासून सुमारे 24 ते 30 तासांनी, म्हणजे माज संपल्यावर दहा-बारा तासांनी, पुटक फुटते आणि बीज नलिकेत उतरते. तिथे ते काही तासच टिकते. शुक्रजंतूंनाही तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून नियम असा : सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ चुकली की 21 दिवस गेले, चारा गेला, आणि दुधाचा दिवसही तेवढाच लांबला. म्हशीचा माज तर बहुधा मुका असतो, उन्हाळ्यात अधिकच. तिच्याकडे पहाटे आणि रात्री मुद्दाम लक्ष द्यावे.

शिक्षकमित्रहो, गावातल्या मुलांना गोठ्याच्या भिंतीवर माजाच्या तारखा लिहायला सांगा; 21 चा पाढा आपोआप उपयोगी पडेल. पण नवी मुंबईतल्या तळवलीसारख्या गावात, जिथे गावठाणाभोवती इमारती उठल्या, तिथे गोठा कुठून आणायचा? तिथे मुंबईचेच उदाहरण द्यावे. माणसातही बीज असेच पुटकात पिकते. 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून, बीज शरीराबाहेर फळवून, एक मुलगी जन्माला आली. या पद्धतीत सारी मदार वेळेवर असते. पुटक फुटण्याआधी, पण बीज पिकल्यावरच, ते काढून घ्यावे लागते. कच्चे बीज सहसा फळत नाही.

मुलीच्या जन्मावेळी तिच्यापाशी दहा ते वीस लाख बीजे असतात. आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारपाचशे. इतक्या नाजूक वेळापत्रकात अडचण कुठेही येऊ शकते, आणि ती पुरुषाच्या बाजूनेही असू शकते. तेव्हा मूल झाले नाही की सुनेला बोल लावण्याआधी दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. गाय उलटली तर आधी माजाची वेळ तपासावी, मग पशुवैद्यांना दाखवावे. वांझ हा शब्द सर्वांत शेवटी उच्चारावा. बहुतेक वेळा तो उच्चारण्याची गरजच पडणार नाही.