प्रकाशाची मात्रा
(भिलाई येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



छायाचित्रणावरील पुस्तकाचा अनुवाद करीत असताना मला सर्वांत अधिक अडविले ते ‘एक्स्पोजर’ या शब्दाने. ‘प्रकाशन’ म्हणावे तर ग्रंथप्रकाशन आठवते. ‘उघडे पडणे’ म्हणावे तर अर्थ भलतीकडेच जातो. अखेर मी ‘प्रकाशमात्रा’ हा शब्द पत्करला. मात्रा हा वैद्यांचा शब्द आहे. औषध उत्तम असूनही मात्रा चुकली तर गुण येत नाही. फिल्मचे तसेच आहे, आणि डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकाचेही तसेच.

ही मात्रा दोन गोष्टींनी ठरते. भिंगाचे द्वार किती उघडले आणि झडप किती वेळ उघडी राहिली. द्वाराचे आकडे मात्र नवशिक्याला बुचकळ्यात टाकतात : 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. आकडा वाढतो आणि द्वार लहान होते, हे कसे? कारण हा आकडा म्हणजे भागाकार आहे. भिंगाच्या केंद्रांतराला द्वाराच्या व्यासाने भागले की तो मिळतो. 50 मिलिमीटरच्या भिंगाचे द्वार 25 मिलिमीटर उघडले असेल तर आकडा 2. प्रकाश येतो तो द्वाराच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या सुमारे 1.4 पट असतो आणि प्रकाश निम्मा होतो. झडपेच्या 1/60, 1/125, 1/250 सेकंद या पायऱ्याही निमपटीच्याच. तेव्हा 8 आणि 1/125 या जोडीने जेवढा प्रकाश मिळतो तेवढाच 5.6 आणि 1/250 या जोडीनेही मिळतो. मात्रा एकच, चित्रे मात्र दोन. दुसऱ्यात धावणारे मूल अधिक ठाम उमटेल, पण त्याच्यामागची झाडे पुसट होतील.

आपल्याकडच्या उन्हासाठी एक जुना ठोकताळा पुरतो. फिल्मचा वेग, अथवा संवेदकाचा आयएसओ, 100 असेल तर निरभ्र आकाशाखाली द्वार 16 वर ठेवावे आणि झडप 1/125 वर. ढगाळ दिवशी द्वार 8 वर आणावे. प्रकाशमापकाला हात लावण्यापूर्वी हे पाठ असावे, असे माझे मत आहे.

कारण प्रकाशमापक हे मोठे भाबडे यंत्र आहे. समोरच्या दृश्यातून सरासरी शेकडा 18 च्या आसपास प्रकाश परत येतो, म्हणजे जग मध्यम करड्या रंगाचे आहे, अशी त्याची समजूत करून दिलेली असते. त्याला बगळा दाखवा, तो करडा करील. म्हैस दाखवा, तीही करडीच करील. बगळ्यासाठी त्याच्या सांगण्यापेक्षा एक-दोन पायऱ्या अधिक प्रकाश द्यावा लागतो, म्हशीसाठी तेवढाच कमी. करड्या बगळ्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण आपल्या गावात ही चूक माणसाच्या वाट्याला येते.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. भट्टीतून वितळलेले लोखंड बाहेर सोडतात तो क्षण छायाचित्रकारांना नेहमीच मोह घालतो. कारखान्यात कॅमेरा नेण्यास परवानगी लागते. ती मिळाली आहे असे समजा. सुमारे चौदाशे-पंधराशे अंश तापमानाचा तो धगधगता प्रवाह आणि काही अंतरावर उभा असलेला कामगार. मापक प्रवाहाकडे पाहून दिपतो आणि मात्रा उतरवतो. चित्र नेत्रदीपक येते. लोखंड सुरेख आणि माणूस म्हणजे काळा ठिपका! जगभरच्या उद्योगविषयक सचित्र अंकांत अशी चित्रे वारंवार आढळतात. तीस वर्षे भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या नातवंडाने ते चित्र हातात घेऊन ‘यात आजोबा कोणते?’ असे विचारले, तर काय सांगणार?

उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर जसा प्रकाश पडतो तशाच प्रकाशात आपला तळहात धरावा, मापन त्यावरून घ्यावे आणि एक पायरी अधिक द्यावी. कारण तळहात मध्यम करड्याहून साधारण तेवढा उजळ असतो. मग प्रवाह पांढराफटक पडेल. निगेटिव्ह फिल्म हा जादा प्रकाश बरीचशी सोसते. डिजिटल संवेदकात मात्र जे जळाले ते गेलेच. तरीही मी लोखंड जाळीन आणि चेहरा राखीन. त्याहून बरे म्हणजे स्वतःची जागाच बदलावी. प्रवाह चौकटीबाहेर राहील आणि त्याचा उजेड समोरून चेहऱ्यावर पडेल, अशा ठिकाणी सुरक्षित अंतरावर उभे राहावे. मोबाइलवरही चेहऱ्यावर बोट ठेवून मात्रा कमीअधिक करता येते.

मात्रा ठरविण्याहून ती टिकविणे अवघड. 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ महिन्याहून अधिक काळ टिपली आणि ती मिनिटभराच्या चित्रपटात दाखविली. कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून हा खटाटोप होता, आणि कर्ज मिळालेही. अशा कामात एखादे चित्र उजळ आणि पुढचे काळवंडलेले आले, तर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी लुकलुकते.

मी एकाच चेहऱ्याची पाच चित्रे आणली आहेत, प्रत्येकात एका पायरीचे अंतर आहे. कृपया दिवे मालवावेत. ती आता पाहू.