अपुरी ठेवलेली दगडांची रास
(मदतनीसांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सार्वजनिक जीवनातील पश्चात्ताप या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. राजकारणात पश्चात्तापाचे शब्द तोलूनमापून वापरतात. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये त्या घटनेला लाजिरवाणा डाग म्हटले आणि खेद व्यक्त केला. माफी मात्र मागितली नाही. ‘झाले ते वाईट झाले’ हा खेद. ‘ते आम्ही केले’ असे म्हणून पुढे यावे लागते, तेव्हा ती माफी होते.

पण सरकारांकडे बोट दाखवणे सोपे आहे. म्हणून आज आपल्याच घरची, ख्रिस्ती मंडळीची गोष्ट सांगतो. ती कॅनडातील आहे.

एकोणिसाव्या शतकापासून तेथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालल्या. पैसा सरकारचा, कारभार मंडळ्यांचा. सुमारे दीड लाख मुले या शाळांत गेली. पुष्कळांना आईबापांपासून बळजबरीने नेले. मातृभाषेत बोलले म्हणून मुलांना शिक्षा होई. अनेकांचा छळ झाला, हजारो मुले दगावली. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. त्या शाळांत काम करणारे काहीजण प्रार्थना करणारे, त्यागी लोक होते, हे विसरू नका. आपण मुलांचे भलेच करतो आहोत असे त्यांना वाटत होते.

या शाळा चालवणाऱ्यांपैकी एक मंडळी म्हणजे युनायटेड चर्च ऑफ कॅनडा. मूळनिवासी सभासदांच्या मागणीवरून १९८६ साली सडबरी येथे या मंडळीने त्यांची क्षमा मागितली. सुवार्ता सांगण्याच्या उत्साहात आम्ही तुमच्या श्रद्धेचे मोल जाणले नाही आणि आमच्या पाश्चात्त्य चालीरीतींनाच सुवार्ता समजलो, असा त्या कबुलीचा आशय होता.

उत्तर दोन वर्षांनी, १९८८ साली आले. मूळनिवासी बांधवांनी कळवले की तुमच्या क्षमायाचनेची आम्ही नोंद घेतली आहे. ‘स्वीकारली’ असे ते म्हणाले नाहीत. या शब्दांप्रमाणे मंडळी जगते का, ते त्यांना पाहायचे होते. सडबरीला आठवण म्हणून दगडांची एक रास रचली आहे, तीही मुद्दाम अपुरी ठेवलेली. अजून दगड लागायचे आहेत.

मला वाटते, पश्चात्तापाविषयी याहून खरे उत्तर मिळणे कठीण. क्षमा मागणारा लगेच मोकळा होऊ पाहतो. पण हिशेब पुरा झाला की नाही, हे ज्याला दुखावले त्याने ठरवायचे असते. जक्कयाने येशूपुढे नुसते वाईट वाटल्याचे सांगितले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट, असा आकडाच त्याने सांगितला.

त्या मंडळीलाही पुढे जावे लागले. पहिल्या क्षमायाचनेत निवासी शाळांचा उल्लेखच नव्हता. १९९८ साली शाळांसाठी वेगळी क्षमा मागितली गेली. २००६ च्या समझोत्यात सरकारबरोबर मंडळ्याही सहभागी झाल्या. त्यातून नुकसानभरपाई आणि सत्य व समेट आयोग आला. २००८ साली पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. आयोगाने २०१५ साली ९४ आवाहने देशापुढे ठेवली. त्यांतली बरीच अजून पुरी व्हायची आहेत.

प्रियजनहो, आपणही आदिवासी लेकरांसाठी वसतिगृहे चालवतो. आपली परिस्थिती कॅनडासारखी नाही. आपल्याकडे आईबाप स्वतः मुलांना आणून सोडतात. तरीही मूल वारली, कोकणी, भिली बोलत येते आणि दहावीला पोचेपर्यंत ती बोली बोलायला लाजू लागते, असे होऊ शकते. तेव्हा पुढच्या वेळी वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा पटसंख्येबरोबर हेही विचारा: मुले रात्री आपल्या बोलीत गाणी म्हणतात का? कारभाराच्या बैठकीत पाड्यावरचे आईबाप बसतात का? त्यांनी ‘हे आम्हांला नको’ म्हटले, तर ऐकले जाते का?

चाळीस-पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना कोणापुढे क्षमा मागत उभे राहावे लागू नये, एवढी काळजी आज आपल्या हाती आहे. ती घेण्याची सुबुद्धी प्रभू आपणांस देवो. आमेन.