आरोग्यधामाची भिंत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाने वर्ध्याजवळ आरोग्यधाम उभारण्याचा संकल्प केला आहे. दुखण्यातून उठलेल्या बांधवांना महिना-पंधरा दिवस स्वस्थपणे विसावा मिळावा, हा त्यामागील हेतू. त्या नियोजित वास्तूविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. आम्ही स्थापत्यविशारद नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले, खडू-फळ्याच्या सोबतीत आयुष्य घालविलेले शिक्षक आहोत. तथापि एका अनुभवाने आमचे लक्ष ह्या विषयाकडे वळले. तो प्रथम निवेदन करतो.

काही वर्षांमागे आमच्या सौभाग्यवतींवर शस्त्रक्रिया झाली. ऐन वैशाखात त्यांना सपाट सिमेंट छताखालील एका खोलीत राहावे लागले. सूर्य मावळला तरी छत तापलेलेच असे. पंखा फिरे, पण उष्ण वाराच अंगावर घाली. मध्यरात्र उलटेपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. आठव्या दिवशी आम्ही त्यांना खेड्यातील मेहुण्यांच्या जुन्या मातीच्या घरी नेले. औषधे तीच होती, पथ्यही तेच होते. पण त्या रात्री त्या सलग झोपल्या.

ह्यात चमत्कार काही नाही. हातभर जाडीची मातीची भिंत उन्हाचा ताप सावकाश शोषते. तो आतल्या अंगास पोहोचेपर्यंत सांज होते आणि खिडक्या उघडून गार वारा घेता येतो. मातीचा गिलावा हवेतील दमटपणा शोषून घेतो व हवा कोरडी होताच परत देतो. चुना क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही. उलट, पाचसहा इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. शिवाय सिमेंटसाठी चुनखडक सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजावा लागतो. जगात मानवी उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा मानतात.

ह्याचा दाखला पाहण्यास दूर जावयास नको. गांधीजी १९३६ साली शेगावी आले; तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी माती, बांबू आणि कवेलू ह्यांचीच आहे. जवळच परचुरेशास्त्रींची कुटी आहे. महारोगाने पीडित अशा ह्या संस्कृत पंडितांना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. एका रुग्णाची अशी सेवा त्या साध्या मातीच्या घरात घडली, हे आरोग्यधाम बांधणारांनी ध्यानात ठेवावे.

लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद १९४५ साली महारोग्यांच्या रुग्णालयांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात आले. तत्पूर्वी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातीलच असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर उराशी बाळगला. पुढे केरळात त्यांनी विटांच्या जाळीदार भिंतींची, वारा खेळता ठेवणारी कितीतरी घरे बांधली.

आता आक्षेपांचा विचार करू. माती पावसाने वाहून जाते, असे म्हणतात. ते खरे आहे. म्हणूनच भिंतीच्या पायी दगडी जोते हवे आणि डोक्यावर पुढे आलेली वळचण हवी. वाळवीचे भय आहेच. बांबू बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून वापरावा. आपल्याकडील काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. तिचा भिंतीस उपयोग नाही. गव्हांडा घालून तुडविलेली पांढरी मातीच हवी. स्नानगृहे व शौचालये ह्यांना मात्र पक्के बांधकामच योग्य. तेथे हट्ट नको.

सर्वांत मोठा आक्षेप देखभालीचा. दरवर्षी सारवण, लिंपण व कवेलू फेरणे चुकत नाही. बापूकुटी आजही उभी आहे ती हे काम होत आल्यामुळेच. परंतु आमच्या मते हा दोष नव्हे. ह्या निमित्ताने गवंडी, कुंभार, बुरूड ह्यांच्या हातांस काम मिळते, आणि देणगीचा पैसा पंचक्रोशीतच राहतो.

बंधूंनो, उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे दुमजली स्लॅबचा नकाशा येणार आहे. तो तयार करणारांच्या तळमळीविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमची विनंती एवढीच की, सर्व निधी एकदम गुंतवू नये. प्रथम मातीची एकच खोली, पुढे पडवी ठेवून बांधावी. येत्या वैशाखात एक उष्णतामापक तेथे व एक आपल्या सभागृहाच्या स्लॅबखाली टांगावा. दोन्हींची दुपारची व रात्रीची नोंद ठेवण्याचे काम आम्ही आनंदाने करू. एवढी वर्षे हजेरीपट भरले, त्यात हा आणखी एक. त्या नोंदी पाहून मग सभेने जो निर्णय द्यावा, तो आम्हांस शिरोधार्य राहील.

आणखी एक. संगमरवरी नामफलकांसाठी काढून ठेवलेली रक्कम वार्षिक लिंपणाच्या कायम निधीस द्यावी. दात्यांची नावे भिंतीवर नसली, तरी तेथे निवांत झोपलेला रुग्ण सकाळी त्यांना दुवा देईल.