फाशीचा दोर आणि आपली माणसं
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही "फाशीची शिक्षा" असे सांगितले. काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. वर्धापन दिनाचा मंगल प्रसंग, खीरदान व्हायचंय, आणि हे मध्येच काय काढलं? पण बंधू-भगिनींनो, पंचशीलातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं आहे. ते आपण प्रत्येक वंदनेला ग्रहण करतो. ते शील फक्त कोंबडी-बकऱ्यापुरतं आहे, की सरकारच्या शिक्क्यानिशी माणूस मारला जातो तिथंही लागू आहे? हे विहारात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

प्रथम आमची स्वतःची कबुली देतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावी भोतमांगे कुटुंबातील चार जणांना ठार मारण्यात आले. त्या वेळी आम्हीही मोर्चात होतो. "फाशी द्या, फाशी द्या" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा आरोपींना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. आपल्या वस्तीत पेढे वाटले गेले. आम्हीही पेढा खाल्ला.

निकालात आणखी काय होतं, ते आम्हांस नंतर समजलं. अॅट्रॉसिटीचा कायदा या प्रकरणात लागू होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे फाशी मिळाली, पण जातीसाठी मारलं ही गोष्ट निकालात आलीच नाही. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशीही रद्द केली आणि २५ वर्षांची कैद दिली. त्या दिवशी आम्ही फार संतापलो. मग शांतपणे विचार केला. आपण सगळे "फाशी" या एका शब्दामागे धावलो. तपास कसा झाला, कलमं कोणती लागली, साक्षी कशा नोंदवल्या, इकडे आपलं लक्षच नव्हतं. न्याय मागायला गेलो होतो आणि दोर मागून परत आलो.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही दोराच्या दुसऱ्या टोकाची आहे.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे प्राण गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. ऐकवत नाही असा गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सहाही भटक्या जमातीचे, मजुरी करून पोट भरणारे. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाने सहाही जणांना दोराखाली उभं केलं. त्यांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झालं.

त्यानंतर सुप्रीम कोर्टाने आपल्याच निकालाचा फेरविचार केला. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. कारण काय? हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांकडील फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. ही गोष्ट कागदपत्रांत होती, आणि तरीही तीन न्यायालयांतून फाशी पार पडली. या गरीब माणसांना खोटं गुंतवण्यात आलं, असं कोर्टानेच म्हटलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या आणि चुकार अधिकारी शोधून कारवाई करा, असा आदेश झाला.

सोळा वर्षं! सोळा वर्षांत घरातली लहान पोरं बाप्या होतात, म्हातारी माणसं निघून जातात. पाच लाखांत त्यातलं काय परत येतं? आणि ज्या कुटुंबातले पाच जीव गेले, त्यांना तरी काय मिळालं? खरे गुन्हेगार कोण, ते समजलंच नाही. निरपराध माणूस आत गेला, की खरा गुन्हेगार बाहेर मोकळा राहतो. नुकसान दोन्हीकडून गरिबाचंच.

तरी हे सहा जण जिवंत सुटले, कारण दोर ओढला गेला नव्हता. जिथे ओढला गेला तिथे काय? १९८० साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नियम घातला की फाशी फक्त विरळातल्या विरळ प्रकरणात द्यावी, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहावी. राजस्थानातील एका कैद्याच्या बाबतीत फक्त गुन्हा पाहिला गेला, माणसाची परिस्थिती पाहिली गेली नाही. १९९६ साली त्याला फाशी झाली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की तो निकाल १९८० च्या नियमाला सोडून होता. तेरा वर्षांनी चूक कळली. आता कुणाला सोडणार? २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकांकडे लक्ष वेधलं. हे मोर्चेवाले नव्हते, न्यायदान केलेली माणसं होती.

आम्ही मिलमध्ये साच्यावर काम केलेली माणसं. धागा तुटला तर साचा थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. चूक होणारच, म्हणून थांबवायची सोय ठेवलेली असते. फाशीच्या शिक्षेत ही सोय नाही.

मुंबईकरांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. ११ जुलै २००६, लोकलगाड्यांतले बॉम्बस्फोट. माहीम, माटुंगा रोड, वांद्रे, आपल्या रोजच्या जाण्यायेण्याची ठिकाणं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली. छळ करून घेतलेले कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असं त्या निकालात आहे. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण हा निकाल ऐकायला जिवंतच नव्हता, २०२१ मध्ये तुरुंगातच वारला. सरकारने सुप्रीम कोर्टात अपील केले, म्हणून या प्रकरणावर आम्ही अधिक बोलत नाही. पण एका कोर्टाला जिथे फाशी दिसली, तिथे दुसऱ्या कोर्टाला पुरावाच दिसला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मग अशा चुका कुणाच्या वाट्याला येतात? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये अहवाल काढला. चारांतले जवळजवळ तीन कैदी आर्थिक दृष्ट्या दुबळे निघाले. आपल्या महाराष्ट्रात तर सुमारे निम्मे अनुसूचित जाती-जमातींचे होते. याचा अर्थ आपली माणसं जास्त गुन्हे करतात असा कुणी लावू नये. ज्याच्याकडे पैसा आहे तो पहिल्या दिवसापासून चांगला वकील उभा करतो. ज्याच्याकडे नाही, त्याची बाजू खालच्या कोर्टातच कच्ची राहते. पुढे वरच्या कोर्टात कितीही मोठा वकील आला, तरी त्याला त्याच कच्च्या कागदांवर बोलावं लागतं.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत चर्चा होती, फाशी झालेल्याला सुप्रीम कोर्टात अपील असावं की नसावं. बाबासाहेब बोलायला उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं आपल्याला अधिक पसंत आहे. हा देश अहिंसेला मानणारा आहे. लोक प्रत्यक्षात ती पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून मानतात. तेव्हा या देशाने फाशी पूर्णपणे रद्द करणंच योग्य. बाबासाहेबांचा फोटो आपल्या घराघरांत आहे. हे मत किती घरांत आहे?

आणि हे त्यांनी धम्मदीक्षेच्या सात वर्षं आधी सांगितलं. आपण तर धम्मात आलेली माणसं. तथागतांनी अंगुलिमालाला तारलं, ती कथा आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. कोसलचा राजा प्रसेनजित त्याला पकडायला घोडेस्वार घेऊन निघाला होता, आणि तो तथागतांच्या शेजारी चीवर घालून बसलेला सापडला. पण कथेचा शेवट आपण सांगत नाही. पुढे भिक्षेला गेल्यावर अंगुलिमालाला लोकांचे दगड लागले, तो रक्तबंबाळ होऊन परतला. तथागतांनी त्याला ते सहन करायला सांगितलं. म्हणजे केलेल्या कर्माचं फळ चुकत नाही. माणसाला सुधारायला जिवंत ठेवणं म्हणजे गुन्हा माफ करणं नव्हे.

सम्राट अशोकाला फाशी बंद करता आली नाही. पण चौथ्या स्तंभलेखात त्याने आज्ञा कोरली की, देहदंड झालेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत मिळावी, म्हणजे नातेवाईक त्याच्या जिवासाठी रदबदली करू शकतील. एवढ्या मोठ्या सम्राटालाही थांबावंसं वाटलं.

आता कुणी विचारील, "तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं तर?" रास्त प्रश्न आहे. आम्हांलाही राग आला असता, दोरच मागावासा वाटला असता. म्हणून तर शिक्षा ठरवायचं काम दुखावलेल्या माणसाकडे देत नाहीत. गुन्हेगाराला जन्मभर तुरुंगात ठेवा, आमची हरकत नाही. पण दार असं ठेवा की चूक उघडकीला आली तर ते उघडता येईल.

२०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवादाची प्रकरणं सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, त्यांत फाशी कायम आहे. तेव्हा कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात काय आहे?

तरुणांनो, पोलीस पंच म्हणून बोलावतात, तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका. वाचा, डोळ्यांदेखत घडलं तेवढ्यावरच सही करा. तुमच्या एका सहीवर कुणाचा तरी गळा अडकू शकतो. वस्तीतला पोरगा उचलला गेला तर घाबरून दारं लावून घेऊ नका. चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे, आणि वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब सर्वसाधारण खटल्यात पुरावा होत नाही, हे त्याच्या आईला समजावून सांगा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कैद्याला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. समितीला आमची विनंती आहे की हा पत्ता विहाराच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा.

आणि शेवटचं. पुन्हा कुठे खैरलांजी घडलं, तर आम्ही मोर्चात येऊच. पुढच्या रांगेत येऊ. पण या वेळी "फाशी द्या" म्हणणार नाही. तपास नीट करा, कलमं बरोबर लावा, साक्षीदाराला संरक्षण द्या, खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा करा, असं म्हणू. ही घोषणा लांब आहे, तालात बसत नाही. तरी तीच देऊ.

आमचं बोलणं कुणाला कडू लागलं असेल तर क्षमा असावी. पटलं नसेल तर खीर घेताना आमच्याशी अवश्य वाद घालावा.

जयभीम! नमो बुद्धाय!